उन्हाळ्यात नदीकाठी वर्ग भरू द्या

प्रवरा आपल्याच जिल्ह्यात जन्मते आणि आपल्याच जिल्ह्यात संपते. रतनगडाच्या कुशीतून, रतनवाडीच्या अमृतेश्वराशेजारून ती निघते. भंडारदरा, रंधा, अकोले, संगमनेर, कोल्हार, नेवासे असे करत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. सुमारे दोनशे किलोमीटरची वाट. मुळेचेही तसेच. हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात उगम आणि नेवासे तालुक्यात प्रवरेशी भेट.

घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून खाली उतरलो की पाचशे-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढणारा पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. मध्ये १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण, निळवंडे, ओझरचा बंधारा, पाट, चाऱ्या, कोल्हापुरी बंधारे, ऊस, साखर कारखाने, वाढती गावे, त्यांची गटारे आणि शेवटी जायकवाडीच्या फुगवट्यावर उतरणारे पक्षी. नदीच्या आयुष्यात जे जे घडू शकते ते सगळे एका जिल्ह्याच्या हद्दीत. गोड्या पाण्याचा अभ्यास शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा महाराष्ट्रात शोधूनही लवकर सापडणार नाही.

या प्रयोगशाळेत विद्यार्थी मात्र दिसेनासे झालेत.

उन्हाळी क्षेत्र-शिबिर ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांतून हळूहळू निघून चालली आहे. ती वाचवायला हवी, आणि ती आपल्याला वाचवता येईल, एवढेच सांगायला हा लेख.

शिबिर म्हणजे सहल नव्हे. आठ-दहा दिवस नदीकाठच्या एखाद्या गावात मुक्काम. पहाटे उठून पाण्याचे तापमान घ्यायचे. बाटलीत हवेचा बुडबुडा शिरू न देता पाणी भरायचे आणि काठावरच रसायने घालून त्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा. घोटाभर, गुडघाभर पाण्यात उभे राहून दगड उलटायचे, खाली चिकटलेले जीव पांढऱ्या ट्रेमध्ये धुऊन घ्यायचे. ऊन चढले की शाळेच्या वर्गात बसून ते भिंगाखाली ओळखायचे. संध्याकाळी गावातल्या जाणत्यांकडे जायचे, या डोहात पूर्वी कोणते मासे मिळत ते विचारायचे. रात्री वही पुरी करायची. पर्यावरण दिनाला बॅनर धरून काढलेल्या फोटोने यातले काहीच होत नाही.

ही काही हौशी कल्पना नाही. ती अभ्यासक्रमात लिहिलेली आहे. महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २००३ साली न्यायालयाने पुन्हा कान पिळला. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम दिला. पन्नास तासांचा, आठ घटकांचा. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. या अभ्यासक्रमाचा आठवा घटक सबंधच वर्गाबाहेरचा होता: आपल्या भागातली नदी, जंगल, माळ किंवा डोंगर यांची नोंद करा, एखादे प्रदूषित ठिकाण पाहा, तळे, नदी, डोंगरउतार अशा साध्या परिसंस्था अभ्यासा. शंभरापैकी पंचवीस गुण त्याला राखून ठेवले.

पुढे काय झाले ते आपल्या घरातल्या मुलांना विचारावे. पंचवीस गुणांची नदी झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागली. तयार प्रकल्पवही, वर नाव आपले घालायचे. गोदावरीच्या प्रदूषणावरची तीच पाने कोपरगावात चालतात, श्रीगोंद्यात चालतात, जामखेडमध्येही चालतात. ज्या मुलाचे घर सीनेपासून हाकेच्या अंतरावर आहे तो गंगेच्या प्रदूषणावर आठ पाने लिहून देतो आणि त्याला वीस गुण पडतात!

यात कुणाला पकडून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात अर्थ नाही. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत; बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर शिकवतात, त्यांना उन्हाळ्यात पगार नाही आणि मुक्कामी शिबिराची जबाबदारी मात्र पुरी. प्राचार्यांना परवानग्यांची भीती वाटते, कारण पाण्याजवळ अपघात होतात आणि झाले की सगळे त्यांच्याच दारात येतात. पालकांना मुलींना मुक्कामी पाठवायची धास्ती असते. परीक्षा लांबत लांबत जूनमध्ये शिरल्या, सुट्टी आटली. प्रत्येकाचे कारण खरे आहे. ती सगळी एकत्र आली आणि नदीकाठचा वर्ग बंद पडला.

बंद पडला म्हणून एवढे काय बिघडले? नदीचे पाणी तपासायला सरकारी यंत्रणा आहेच की.

आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या काळाने नमुने घेते आणि ते काम गरजेचे आहे. पण नमुना दिवसा घेतला जातो. नदी रात्री गुदमरते.

हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण शिबिर मुक्कामी का हवे याचे उत्तर इथेच आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या डोहातले पाणी तीस अंशांच्या आसपास असते. त्या तापमानाला स्वच्छ पाणी लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते. आता या डोहात गावाचे सांडपाणी आणि उसाच्या रानातून निथळलेले खत आले, की शेवाळ फोफावते. दिवसा हे शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते. भर दुपारी मोजमाप केले तर आकडा दहाच्याही वर जाऊ शकतो. कागदावर नदी ठणठणीत! सूर्य मावळला की तेच शेवाळ, तळातला गाळ, त्यातले जिवाणू, सगळे मिळून प्राणवायू खायला लागतात. पहाटे चार-पाचच्या सुमाराला आकडा दोनच्या खाली येऊ शकतो. मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर येतात. सकाळी आठला गावकरी येतात तेव्हा मेलेले मासे काठाला लागलेले असतात, दुपारी बाटली भरली जाते आणि अहवालात प्राणवायू भरपूर असतो. अहवाल खोटा नसतो. तो दुपारचा असतो.

हा फरक कुणाला कळणार? रात्रभर दर दोन तासांनी उठून बाटली भरणाऱ्याला. म्हणजे टॉर्च, घड्याळ, आळीपाळीने जागणारी पंधरा-वीस मुले आणि एक धीराचा शिक्षक यांना. दुपारी बसमधून उतरून चार वाजता परत निघणाऱ्या क्षेत्रभेटीला हे कधीच दिसणार नाही.

दुसरी गोष्ट किड्यांची. बाटलीतले पाणी फक्त त्या क्षणाचे बोलते. काल रात्री कुणी काही सोडले आणि ते वाहून गेले, तर आजची बाटली निर्दोष निघते. दगडाखालचे किडे मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहतात. शेपटीला तीन धागे असलेली मे-माशीची पिल्ले, खडे-काड्या चिकटवून स्वतःचे घर बांधणाऱ्या अळ्या, चतुर आणि टाचण्यांची पिल्ले, गोगलगायी, शिंपले, जळवा, आणि चिखलात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. या लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू संपत आलेल्या गाळातही त्या तगतात. मे-माशीच्या पिल्लांना तसे जमत नाही. ती आधी मरतात. म्हणून दगड उलटल्यावर वर रतनवाडीला जे दिसते आणि खाली एखाद्या शहराच्या नाल्यापुढे जे दिसते त्यांतला फरक पाहिला, की मध्ये काय काय घडले ते समजते. हा नदीचा सातबाराच आहे. फक्त तो वाचता येणारा माणूस हवा, आणि ते वाचन पुस्तकातून येत नाही.

दक्षिण आफ्रिकेत यासाठी ‘मिनीसॅस’ नावाची सोपी पद्धत बसवली आहे. किड्यांचे तेरा गट ओळखायचे, प्रत्येकाचे गुण ठरलेले, सरासरी काढली की नदीची प्रकृती कळते. शाळकरी मुलेही ते करतात. आपल्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर प्रवरेच्या किड्यांसाठी असा एक मराठी तक्ता दोन उन्हाळ्यांत उभा राहील.

आणि उन्हाळाच का? पावसाळ्यात नदी सगळे धुऊन नेते, तिची दुखणी दिसत नाहीत. उन्हाळ्यात पाणी आटते, नदी तुटून डोह उरतात, घाण पातळ करायला प्रवाह नसतो. त्यातच धरणातून आवर्तन सुटले की चार दिवस नदी वाहती होते आणि पुन्हा थांबते. आवर्तनाआधी, आवर्तनात आणि आवर्तनानंतर एकाच जागी मोजमाप केले, तर पाणी सोडण्याचा नदीतल्या जिवांवर काय परिणाम होतो ते आकड्यांत मांडता येईल. आवर्तनांवरून आपल्याकडे केवढे राजकारण चालते! त्या भांडणात माशांची बाजू मांडायला आजवर कुणी बसलेले नाही.

तसा हा काठ शिकणाऱ्यांना नवा नाही. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम साइक्स एकोणिसाव्या शतकात दख्खनभर हिंडला आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यातले बहुतेक मासे शास्त्राला नवे होते. भीमेकाठच्या पेडगावचा, आपल्या श्रीगोंदा तालुक्यातल्या बहादूरगडाच्या पेडगावचा, उल्लेख त्याच्या लेखनात येतो. माशांची शास्त्रीय नावे ठेवताना त्याने काठावरच्या कोळी-भोयांच्या तोंडची नावेच उचलली. खुदरी, कोळस, मळ्या, फुलुंगी, नुकटा ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत थोड्या वेड्यावाकड्या स्पेलिंगने आहेत. साइक्सला जाळे टाकून दाखवणाऱ्या माणसांची नावे मात्र कुठे नाहीत. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांपैकी कुणी आज पेडगावला, नेवाशाला, राहुरीला जाळे टाकत असेल, आणि त्याच्या जाळ्यात बहुतेक वेळा चिलापी येत असेल.

प्रवरेनेही विद्यार्थी पाहिलेत. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी संगमनेरजवळच्या जोर्व्याला उत्खनन केले. पुढे नेवाशाला केले. जोर्व्यात सापडलेल्या भांड्यांवरून ताम्रपाषाण काळातल्या एका सबंध संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाची एक पिढी अशा काठांवर राहुट्या ठोकून, धूळ खाऊन तयार झाली. प्रवरेच्या मातीसाठी ते जमले. मग प्रवरेच्या पाण्यासाठी का जमू नये?

इंग्लंडात गोड्या पाण्याच्या अभ्यासाची संस्था १९२९ साली स्थापन झाली आणि तिने विंडरमिअर तळ्याकाठी बस्तान मांडले. तिथल्या नोंदी दशकानुदशके अखंड चालू राहिल्या, आणि तळे तापते आहे, बिघडते आहे, सुधारते आहे हे त्यांना अंदाजाने सांगावे लागत नाही. यात यंत्रांपेक्षा सातत्याचा वाटा मोठा. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजायचे. दरवर्षी भरणारे उन्हाळी शिबिर नेमके हेच करू शकते.

आपल्याकडे गरज किती आहे ते पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदवले गेले. त्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. अंघोळीला योग्य पाण्यात लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि जैविक प्राणवायूची मागणी तीन मिलिग्रॅमच्या आत असावी, असा दंडक आहे. प्रक्रिया न केलेल्या मळीच्या पाण्याचा हा दुसरा आकडा चाळीस हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही वर असतो. म्हणून तर आसवनींना असे पाणी बाहेर सोडायला मनाई आहे आणि त्यासाठी कारखान्यांनी मोठा खर्च केला आहे. तरीही कुठेतरी ओढा लाल-तपकिरी होतो, विहिरीला वास येतो, आणि मग गावात दोन तट पडतात. एक म्हणतो कारखान्याने सोडले, दुसरा म्हणतो गावाचे गटार आहे. पुरावा कुणाकडेच नसतो. वर्तमानपत्रात दोन बातम्या येतात, विषय मिटतो, पाणी तसेच राहते.

सीनेची कथा तर नगरकरांना सांगायला नको. १४९० साली हे शहर वसले ते याच नदीच्या आसऱ्याने. आज पुलावरून जाताना आपण गाडीच्या काचा वर करतो. तीच सीना पुढे जामखेड तालुक्यात चौंडीला जाते, ज्यांच्या नावाने आता आपला जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्याबाईंच्या जन्मगावी. देशभर घाट आणि बारवा बांधणाऱ्या बाईंच्या गावाला आपण वरून काय पाठवतो आहोत? ३१ मे हा त्यांचा जन्मदिवस, ऐन उन्हाळ्यात. शहरापासून चौंडीपर्यंत सीनेचे पाणी जागोजागी तपासणारी विद्यार्थ्यांची तुकडी त्या दिवशी तिथे पोहोचली आणि तिने आकडे जाहीर वाचून दाखवले, तर जयंतीच्या भाषणांपेक्षा ते जास्त लोक ऐकतील, असे मला वाटते.

आता आपण काय करू शकतो? पुष्कळ. आणि बहुतेक गोष्टींना पैसे कमी, होकार जास्त लागतो.

पहिला अडथळा वेळेचा, आणि तो सुटण्यासारखा झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभागाला श्रेयांक आले आहेत. प्रात्यक्षिक कामात एका श्रेयांकाला तीस तास धरतात. दहा दिवस, रोज सहा तास, म्हणजे साठ तास: दोन श्रेयांक. मुलाचे वर्ष वाया जात नाही, उलट गुण पदरात पडतात. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे तर वर्षानुवर्षे दत्तक गावांत होतातच. रस्ता झाडायचा, भिंती रंगवायच्या, रात्री करमणुकीचा कार्यक्रम करायचा. हे चांगलेच. त्यातली निम्मी मुले सकाळी नदीत उतरली तर काय बिघडेल? प्राध्यापकांनी अभ्यास मंडळात हा विषय नेटाने मांडावा. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या महाविद्यालयाला एक पत्र लिहावे. संस्थाचालकांच्या कानांवर अशी पाच-पन्नास पत्रे पडली की हालचाल होते, हा आपल्या जिल्ह्याचा अनुभव आहे.

दुसरा अडथळा जागेचा आणि साधनांचा. उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळा रिकाम्या असतात. मुलांना झोपायला दोन खोल्या आणि पाणी असले की झाले. साधनांचे म्हणाल तर जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासणीचे संच आले आहेत. ते वापरायला गावातल्या पाच महिलांना शिकवायचे, अशी ती योजना आहे. कितीतरी ग्रामपंचायतींत हे संच कपाटात आहेत, रसायनांची मुदत संपत आली आहे. शिबिरातली मुले आणि या बायका एकत्र बसल्या तर दोघांचेही शिक्षण होईल. आणि मला खात्री आहे, पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या त्या बायकाच असतील.

मोठी साधने कारखान्यांकडे आहेत. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, त्यामागे शेतकऱ्याने स्वतःचा कारखाना स्वतः चालवावा हा विश्वास होता. आज जिल्ह्यातल्या प्रत्येक साखर कारखान्यात प्रयोगशाळा आहे, रसायनतज्ज्ञ आहेत. गाळप संपून पट्टा पडला की त्या प्रयोगशाळेवरचा भार हलका होतो. संचालकांनी उन्हाळ्याचे दहा दिवस ती विद्यार्थ्यांसाठी उघडावी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र स्वतः फिरवून दाखवावे. ज्याचे काम चोख आहे त्याला याची भीती नाही, आणि ज्याचे कुठे कमी पडत असेल त्याला घरच्याच मुलांनी सांगितलेले बरे. सभासद म्हणून वार्षिक सभेत हा एक ठराव आपण सुचवू शकतो. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे आहेत, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. माती-पाणी तपासणारी माणसे जिल्ह्यात आहेत. त्यांना एका दोरीत ओवायचे काम बाकी आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांची, आणि इथे मी पदव्या विचारणार नाही. मुळेच्या काठचा भिल्ल, अकोल्यातला महादेव कोळी किंवा ठाकर, भीमेकाठचा भोई यांना पाणी वाचता येते. कोणत्या महिन्यात कोणता मासा वर चढतो, कोणत्या डोहाचा तळ कधी उघडा पडला, वाळू उपसल्यावर अंडी घालायची जागा कशी गेली, हे त्यांच्या बोलण्यात सहज येते. त्यांना पाहुणे म्हणून हार घालून बसवू नका. मानधन द्या, तास द्या. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एकदाच, घाईघाईत भरली गेली. दरवर्षीच्या शिबिराने तीत चार खऱ्या पानांची भर टाकली तर दहा वर्षांत गावाकडे आपल्या ओढ्याचा इतिहास असेल. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे असेच, एकेक करून सांभाळले. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती पडला आणि किती वापरायचा हे गाव बसून ठरवते. किती पाणी आहे हे मोजायला आपण देशाला शिकवले. कसे पाणी आहे, हे मोजायचे राहिले आहे.

पालकांनो, तुमची काळजी रास्त आहे आणि ती हसण्यावारी नेणारे शिबिर नकोच. वाळू उपसलेल्या पट्ट्यात नदीचा तळ दगा देतो. तिथे कुणीही उतरायचे नाही. काम गुडघ्याच्या वर पाण्यात करायचे नाही. डोहातले नमुने काठावरून किंवा होडीतून, जीवरक्षक जाकीट घालूनच. आवर्तन कधी सुटणार याची लेखी माहिती पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्याकडून आधी घ्यायची. सकाळी दहानंतर उन्हात थांबायचे नाही. घाण पाण्यात हातमोजे, बाहेर आल्यावर साबण. मुलींच्या मुक्कामाला शिक्षिका हव्यातच, आणि शक्य तिथे गावातल्या दोन मावश्याही. एवढे लिहून घ्या, तपासा, शंका विचारा, आणि मग संमतीपत्रावर सही करा. मुलगी घरी परत येईल तेव्हा ती तुमच्याच विहिरीचे पाणी बाटलीत भरून नायट्रेट मोजायला बसेल. त्याचीही तयारी ठेवा!

एक गोष्ट मात्र आपण सगळ्यांनी पाळायला हवी. मुलांनी काढलेले आकडे आवडले नाहीत म्हणून त्यांच्यावर चिडायचे नाही. एखाद्या गावाच्या नाल्यापुढे लाल अळ्याच सापडल्या, तर तो गावाचा अपमान नाही. आणि मुलांनीही चार बाटल्यांवरून कुणाला गुन्हेगार ठरवायचे नाही. नोंद करायची, पुन्हा मोजायचे, पुढच्या वर्षी परत यायचे. कच्च्या आकड्यांवर आरडाओरडा झाला की पुढच्या शिबिराला कुणी दार उघडत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

सुरुवात लहान ठेवू. पहिल्या उन्हाळ्यात पाचच ठिकाणे: रतनवाडी, रंधा, संगमनेरच्या खाली, कोल्हार आणि प्रवरासंगम. एक महाविद्यालय, वीस मुले, दहा दिवस. सीनेवर दुसऱ्या महाविद्यालयाने, मुळेवर तिसऱ्याने. आकडे एकाच नमुन्यातल्या वहीत, मराठीत, सर्वांना पाहता येतील असे. पुण्यात १९८२ साली प्रकाश गोळे यांनी इकॉलॉजिकल सोसायटी उभी केली आणि रानावनात, नदीकाठी नेऊन शिकवणारा अभ्यासक्रम तिथे रुजला. त्यांनीही सुरुवात मोजक्याच लोकांनिशी केली होती. आपल्याला त्यांच्याकडून पद्धत शिकता येईल.

वेळापत्रकही हाताशी आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय काढायचा, म्हणजे महाविद्यालयाशी बोलायला तीन महिने मिळतात. १ मेच्या ग्रामसभेत यजमानपदाचा ठराव करायचा. मेमध्ये शिबिर. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, झेंडावंदन झाल्यावर, त्याच मुलांनी येऊन गावाला निकाल वाचून दाखवायचे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यायचा अर्ज चार ओळींचा आहे. हवा तर इथूनच उतरवून घ्या, फक्त गावाचे आणि नदीचे नाव बदला:

‘आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या प्रवरा नदीच्या पाण्याचा व त्यातील जीवसृष्टीचा अभ्यास करण्यासाठी जवळच्या महाविद्यालयाने उन्हाळ्यात दहा दिवसांचे विद्यार्थी शिबिर आमच्या गावात घ्यावे, असे आम्हां ग्रामस्थांना वाटते. शिबिरासाठी प्राथमिक शाळेच्या दोन खोल्या, पिण्याचे पाणी व ग्रामपंचायतीकडील पाणी तपासणी संच उपलब्ध करून द्यावा. शिबिराचे निष्कर्ष १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचले जावेत व लोकजैवविविधता नोंदवहीत नोंदवले जावेत. हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.’

खाली सह्या. पहिली आपली, दुसरी शेजाऱ्याची, तिसरी गावात जो अजूनही जाळे टाकतो त्याची.